लोण्याच्या मुलखात

३ ऑक्टोबर

बाकावर बसले आणि आधी बटाटे आठवले!

ह्याच बाकावर, ह्याच बसस्टॉपवर आम्ही दोघांनी उकडलेले बटाटे खाल्ले होते. कागदात गुंडाळलेले, वाफाळलेले, बोटं भाजत होती. मीठ ह्यांच्या खिशात – कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या डबीत. बस चुकली होती. कुणामुळे चुकली यावर आमचं भांडण चाललं होतं. मी अगदी रंगात आले होते, तेवढ्यात हे म्हणाले, "आधी मीठ धर, मग बोल." मी मीठ धरलं. पुढचं भांडण राहूनच गेलं. बस्स, एवढंच. त्या दिवशी दुसरं काहीही घडलं नाही. लग्नाला तेव्हा किती वर्षं झाली होती तेही आठवत नाही. ह्यांच्या अंगठ्याला चिकटलेली बटाट्याची साल मात्र आठवते.

आज शेजारी बॅग ठेवली. ह्यांच्या जागेवर. कुणी येऊन बसू नये म्हणून. कुणी आलंही नाही.

लॉजच्या काउंटरवरची मुलगी – "एकट्याच?" "हो." "मग मागची खोली देते हं. पुढच्या जोडप्यांना लागतात." मागची खोली बरी आहे. एक पलंग, एक खुर्ची, एक टॉवेल. खिडकीतून दुसऱ्या कुणाच्या तरी चड्ड्या वाळताना दिसतात.

हे गेल्यावर हा माझा तिसरा हिवाळा येतोय. इथे पहिल्यांदाच एकटी आले.

४ ऑक्टोबर

कशासाठी आले ते एकदा लिहून टाकते, म्हणजे सारखं मनात घोळवायला नको.

माझ्या हृदयाची एक झडप आखडली आहे. डॉक्टर म्हणाले, गंजलेल्या बिजागरीचं दार असतं ना, तसं. रक्ताला जेमतेम फट मिळते. बदलावी लागेल. नाही बदलली तर? "तर मग फार दिवस असं हिंडता-फिरता येणार नाही," – आणि त्यांनी पेनाचं टोपण लावलं. टोपण लावण्याच्या पद्धतीवरून मला सगळं कळलं.

धातूची झडप मला चालत नाही. तिच्याबरोबर रक्त पातळ करायची गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि तिच्याने माझ्या पोटातला जुना व्रण पुन्हा वाहायला लागेल. मग दुसरी.

"दुसरी कशाची?"

"टिश्यूची."

"कुणाच्या?"

डॉक्टरांनी कॉम्प्युटरकडे बघितलं. "गायीच्या. हृदयाभोवती एक पडदा असतो, त्याची. डुकराचीही मिळते." – जसं काही मी बाजारात भाजी निवडते आहे!

"मी दूधसुद्धा घेत नाही हो, डॉक्टर."

"दूध नाही घालणार आम्ही," म्हणाले आणि हसले. मीही हसले. कॉन्व्हेंटचं वळण. समोरच्याने विनोद केला की हसायचं, तो आपल्यावर असला तरी. खरं तर डॉक्टर माझ्या मुलापेक्षाही लहान आहेत.

महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते सांगायचं आहे. मी म्हटलं, आधी आमच्या गावांना एकदा जाऊन येते. ते म्हणाले, "जा. पण चढ टाळा." ह्या मुलखात चढ टाळायचा म्हणजे पाण्यात उतरून कोरडं राहायचं!

५ ऑक्टोबर

आम्ही इथल्या गावांना आमचीच नावं ठेवली होती. पुलाचं गाव, बाजाराचं गाव, वरचं गाव. पाटीवर काय लिहिलंय ते ह्यांनी कधी वाचलं नाही. भूमितीचे मास्तर – दोन गावांमधलं अंतर आणि मधला कोन कळला की त्यांचं काम झालं.

आणि सगळा मुलूख गायींचा. जिकडे बघावं तिकडे कुरणं, गोठे, दुधाच्या टाक्या. पावाला लोणी, सूपला साय, उकडलेल्या भाजीवरसुद्धा लोण्याचा गोळा. लोण्याच्या मुलखात आम्ही दोघं बिनदुधाची माणसं दरवर्षी हौसेने यायचो, याची लोकांना गंमत वाटे. हे सांगायचे, "आमचा घटस्फोट झालाय – गायीशी. पण येणंजाणं आहे."

आज पुलाजवळच्या खानावळीत गेले. वेटर नवा.

"लोणी नको, दूध नको, चीज नको," मी म्हटलं.

"चीज का नको? आमचं दुधाचं नाही, फॅक्टरीचं आहे."

"फॅक्टरीत कशाचं करतात?"

तो विचारात पडला. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला, "एक पेशंटचं जेवण!"

सगळ्या खानावळीने माझ्याकडे वळून बघितलं. एका आजोबांनी तर सहानुभूतीने मानही हलवली. हे असते तर टेबलावर डोकं टेकून हसले असते. मी बीन्स आणि कोरडा पाव खाल्ला. पेशंटचं जेवण! बरोबरच ओळखलं की मेल्याने.

६ ऑक्टोबर

आज कुणाशीही बोलले नाही. "थँक्यू" मी धरत नाही.

७ ऑक्टोबर

बाजाराचं गाव. बसमध्ये खिडकीशी बसले, मग उठून आतल्या बाजूला सरकले. खिडकी नेहमी ह्यांची असायची.

नासपती घेतले. दोन. बाजारातली बाई म्हणाली, "दोनच? दोनाने काय होतंय? एक खाल, एकाला माशा बसतील." तिसरा तिने फुकट टाकला. मला का कोण जाणे, रडूच यायला लागलं. तीन नासपती घेऊन पाणवठ्याच्या पायऱ्यांवर बसले. बदकं आली. बदकांना नासपती आवडत नाहीत.

दोन फोन आले. दोन्ही ह्यांच्याच नावाने.

आधी लेकाचा. "आई, पुरे आता हट्ट. ती गाय काही तुझ्यासाठी मारणार नाहीत. ती आधीच गेलेली असते. बाबा असते ना, तर त्यांनी तुला उचलून दवाखान्यात नेलं असतं."

मग वन्संचा. ह्यांची धाकटी बहीण, पण माझ्यावर वचक मोठ्या नणंदेचा. "वहिनी, मी तुम्हाला काय करा ते सांगणार नाही." आणि सांगितलंच! "पण दादाने कुणाचं काही अंगात घालून घेतलं नसतं हो. शब्दाचा पक्का माणूस तो. शेवटच्या दुखण्यात सुद्धा दुधाच्या थेंबाला शिवला नाही. तुम्ही दोघांनी मिळून पाळलेलं, आता तुम्ही एकट्या मोडणार?"

दोघांचेही दादा, बाबा वेगवेगळे. माझे कोणते?

मला खरं म्हणजे वन्संचं म्हणणं लागलं. कारण तेच माझ्या मनात होतं. हे गेल्यावर घरातलं ह्यांचं सगळं हळूहळू कमी झालं. चपला दिल्या. चष्मा दिला. ह्यांच्या बाजूची उशी सुद्धा सपाट झाली. पण सकाळी काळा चहा कपात ओतला की अजून दोघं असतो. एवढीच एक गोष्ट आम्ही अजून मिळून करतो. ती मोडली की मग मी साफ एकटी.

८ ऑक्टोबर

आज पाऊस, खोलीतच. मग तेही लिहून ठेवते – आम्ही दूध कसं सोडलं ते.

त्या वर्षी वरच्या गावात उतरलो होतो. समोरच्या गोठ्यात एक गाय सारखी हंबरत होती. वासरू सकाळीच गाडीत घालून नेलं होतं. जेवताना हे म्हणाले, "आता काही दूध घशाखाली उतरायचं नाही बुवा." एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझा चहा काळा मागितला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "मलाही तसाच." ना शपथ, ना चर्चा. घरी आल्यावर गवळ्याला नको सांगितलं. लेक तेव्हा कॉलेजात होता. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "आता घरात मी आणि मांजर, दोघंच दूध पिणार." 'व्हीगन' हा शब्द तर फार नंतर आला. नातीने सांगितला – "आजी, तुम्ही व्हीगन आहात!" मला वाटलं, काहीतरी आजार झाला.

सुरुवातीचे महिने कठीण गेले. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते, दुपारी तिथे दुधाच्या कॉफीची किटली फिरायची. वासाने जीव कासावीस व्हायचा. पण ह्यांना उतरत नाही ना, मग मला कसं उतरेल! असं म्हणत म्हणत ते माझ्या अंगवळणी पडलं. आणि मग एके दिवशी पाहते तर मलाही ती गाय ऐकू यायला लागली होती. कुठेही, दुधाच्या नुसत्या पिशवीकडे बघूनसुद्धा.

९ ऑक्टोबर

वरचं गाव! बसमधून उतरून घरापर्यंतचा चढ तीनदा थांबून चढले. दर थांब्याला देखावा बघते आहे असं दाखवलं. पण बघायला होतं कोण?

मालकीणबाई तशाच. गमबूट, फाटक्या आवाजातलं प्रेम. आम्ही दरवर्षी त्यांच्याच घरी वरची खोली घ्यायचो. मला दारात बघून त्यांनी माझ्या मागे बघितलं. मी मान हलवली. त्या माझी बॅग उचलून जिना चढायला लागल्या आणि अर्ध्या जिन्यातून ओरडल्या, "दगडं घातलीत का काय हिच्यात!"

खोली तीच. दोन पलंग. एकावर त्यांनी चादर घातलीच नाही, नुसती घडी करून ठेवली आहे. चांगल्या मनाने केलं असणार.

१० ऑक्टोबर

सकाळी मालकीणबाईंनी सवयीने दुधाचं भांडं पुढे केलं. मी कपावर हात आडवा धरला.

"विसरलेच बाई! मग खाता तरी काय तुम्ही? वारा?"

"बटाटे. पाव. तुमच्या बागेतला कोबी."

"आमची गायसुद्धा तुमच्यापेक्षा चवीने खाते. खरं सांगा हं मला – इथे नको नको म्हणायचं आणि साहेबांसारखं गुपचूप दुकानात जाऊन उभ्याने प्यायचं, असं तर नाही ना?"

आणि मोठ्याने हसल्या. हसता हसता थांबल्या. आणि चक्क जीभ चावली! लहान मुलांशिवाय कुणाला जीभ चावताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"कोणते साहेब?" मी विचारलं.

"चहा गार होतोय तुमचा."

"काळा चहा गार झाला तरी चालतो. कोणते साहेब?"

त्या कोबी आणायला गेल्या. बागेत कितीतरी वेळ होत्या. कोबी मात्र आणलाच नाही.

११ ऑक्टोबर

गेले.

दुधाचं दुकान चढाच्या खाली, वळणावर. इतकी वर्षं त्याच्यावरून गेलो, आत कधी पाऊल टाकलं नाही. ओली फरशी, कॅन ओळीने, साय काढायचं मशीन घरघरत होतं. आंबूस, ऊबदार वास. काउंटरमागे माझ्याच वयाची बाई, बाह्या दुमडलेल्या.

"काय देऊ?"

"काही नको."

"दुधाच्या दुकानात येऊन काही नको?"

मी ह्यांचं वर्णन करायला लागले. उंच, एक खांदा जरा खाली, बोलताना बोटाने हवेत रेघा मारायची सवय –

"भूमितीवाले!" ती म्हणाली. तिचा चेहरा असा काही उजळला! "किती दिवसांत आले नाहीत. कसे आहेत?"

मी सांगितलं. तिने हात मागे नेऊन मशीन बंद केलं. अचानक शांत झालं सगळं.

मग ती बोलत होती आणि मी ऐकत होते. दरवर्षी इथे असलो की रोज सकाळी यायचे. (मला सांगायचे, "पाय मोकळे करून येतो." मला चढउताराचा कंटाळा, मी म्हणायची, जा.) एक कप, गरम, उभ्या उभ्या. दाराच्या ह्या बाजूला – म्हणजे रस्त्यावरून दिसू नये. वर साय आली तर स्वारी खूश. कपाच्या ओल्या वर्तुळात बोट बुडवून काउंटरवर भूमिती काढायचे. मग रुमालाने मिशी पुसायची, तोंडात एक लवंग टाकायची आणि निघायचं.

लवंग! मला वाटायचं दाढ दुखते. मी घरून पुडी बांधून आणायची त्यांच्यासाठी!

"मी एकदा विचारलं," ती म्हणाली, "एवढं जिवावर आवडतं, तर घरी का हो घेत नाही? तर म्हणाले – 'अहो, माझ्या तोंडून एकदा सहज काहीतरी निघून गेलं आणि बायकोने दुसऱ्या दिवसापासून दूध सोडलं. माझ्यासाठी. आता मी कुठल्या तोंडाने मागू? इथलं हे चार दिवसांचं तेवढं पोटात ठेवा.' घरी नाही घेत कधी म्हणाले, शप्पथ."

माझ्यासाठी! आणि मी त्यांच्यासाठी!

चढ कसा चढले आठवत नाही. तो बिनचादरीचा पलंग होता, त्यावर जाऊन बसले.

१२ ऑक्टोबर

नाही लिहायचं आज. ह्यांच्याशी अबोला आहे.

१३ ऑक्टोबर

अबोला एकतर्फी असला की फार टिकत नाही.

रागावले ते दुधासाठी नाही. त्या बाईच्या चेहऱ्यासाठी. ती उजळली तशी. कुठेतरी ह्यांचं असं एक ठिकाण होतं, जिथे ते आल्यावर कुणाला आनंद व्हायचा, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी समजत होते, ह्या पंगतीला आम्ही दोघं बसलोय. मी एकटीच बसले होते. हे नुसते कडेला टेकले होते – माझं मन मोडू नये म्हणून.

शाळेत शिवणाच्या सिस्टर रफू शिकवायच्या. "धागा दिसला तर ते रफू नाही, ते ठिगळ." इतकी वर्षं धागा दिसू दिला नाही माणसाने! सिस्टरनी शंभरपैकी शंभर दिले असते.

आणि मग मला हसूच आलं. सकाळी, दात घासताना. दोन शहाणी माणसं! एकाने एक वाक्य टाकलं, दुसऱ्याने ते झेललं, आणि मग दोघंही जन्मभर एकमेकांच्या तोंडाकडे बघत काळा चहा पितायत! कडू तोंड करायचीही चोरी!

दुपारी पुन्हा दुकानात गेले. म्हटलं, "एक कप द्या. गरम."

तिने लगेच कप भरून दिला. साय होती. मी दाराच्या ह्या बाजूला उभी राहिले, तिने दाखवली होती त्या जागी. कप ओठांपाशी नेला. आता कोण होतं अडवायला? हे तर इथेच उभे राहून पीत होते!

नको होतं.

खरंच नको होतं. ह्यांच्यासाठी नको असं नाही. मला नको होतं. कधीपासून ते कळत नाही, पण ते माझं झालं होतं. त्यात ह्यांचा वाटा नव्हता.

"परत ओतू?" तिने विचारलं.

"नको. तुम्ही घ्या."

तिने काउंटरच्या पलीकडे उभ्या उभ्या घेतलं. मग मनगटाने ओठ पुसले. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला.

म्हणजे आता झडपेबद्दल ह्यांना विचारायची सोय उरली नाही. लेकाच्या बाबांनाही नाही, वन्संच्या दादालाही नाही. शब्द मोडणार तो कुणाचा? माझाच. पाळणार तो कुणाचा? माझाच. इतकं एकटं मला ह्यांच्या मागेसुद्धा वाटलं नव्हतं.

१४ ऑक्टोबर

मालकीणबाई दोन दिवस माझ्याशी ताटातल्या कोबीमार्फत बोलत होत्या. आज म्हणाल्या, "कुरणात येता? हळूहळू जाऊ. माझे पण गुडघे गेलेत." गुडघे बिडघे काही गेलेले नाहीत. पण माझ्याबरोबर थांबत थांबत आल्या.

शेवटच्या चढावर माझा श्वास संपला. संपलाच. छातीत कुणी मूठ आवळून धरली होती. धरायला काही नव्हतं – कुंपण लांब, झाड नाही. समोर एक गाय उभी होती, तपकिरी, मोठी, माझ्याकडे न बघणारी. मालकीणबाई ओरडल्या, "टेका! टेका तिच्यावर! बिनधास्त टेका, हलायची नाही ती!"

टेकले. दोन्ही हात आणि गाल. उन्हाने गरम झालेलं अंग, धुळीचा, गवताचा वास. ती चघळत राहिली. माझ्या कानाशी आतून ठोके येत होते. संथ. केवढे संथ! माझे उधळलेले. बराच वेळ मी तिचेच ऐकत होते. मग माझेही खाली आले.

"हिचं पुढे काय होणार?" मी नंतर विचारलं.

"काय होणार! दूध आटलं की गाडी येते. खायला कुठून घालू बाई? मी काही वाईट बाई नाही."

"मी कुठे म्हटलं तसं?"

"तुमचं तोंड म्हणतंय."

मग आम्ही दोघी गवतात बसलो. त्यांनी खिशातून सफरचंद काढलं, गमबुटाला पुसून मला दिलं.

गायीने मला 'हो' म्हटलं, असं मी लिहिणार नाही. ती हलली नाही, कारण ती गाय आहे आणि तिला माणसांची सवय आहे. तिला कुणी विचारलेलं नाही. जिची झडप असेल तिलाही कुणी विचारलेलं नसेल. ते चूकच आहे, आणि मी ते घेतलं तर चूकच घेईन. मलमपट्टी करून त्याचं पुण्य करता येणार नाही. लेक म्हणतो, ती आधीच गेलेली असते. ते काही उत्तर नव्हे.

पण ती मूठ सुटल्यावर पहिला श्वास आत आला ना – त्या श्वासाला कसली तत्त्वं नव्हती. तो नुसता हपापलेला होता. कुणासाठी? घरी वाट बघणारं कुणी नाही. मला वाटायचं, ह्यांच्यामागे मी नुसती दिवस ढकलते आहे. तर तसं नाही! मला अजून हवंय. हे सगळं, हा चढ, ते सफरचंदसुद्धा. ह्या वयात, एकटीला, एवढं हवंसं वाटावं याची लाजच वाटली.

१५ ऑक्टोबर

खाली निघाले. मालकीणबाईंनी डबा दिला. "लोणी नाही, दूध नाही, काही नाही. चवही नसेल."

बसस्टॉपवरून लेकाला फोन केला. जे सांगायचं ते सांगितलं. तो मग म्हणाला, "आई, जेवलीस का नीट?"

वन्संना दुधाचं काही सांगितलं नाही. त्यांचा दादा त्यांच्याजवळ शब्दाचा पक्काच राहू दे. तसा तो होताही. फक्त शब्द कोणता ते त्यांना ठाऊक नाही.

२८ ऑक्टोबर

दवाखाना. सकाळ. न्यायला येतील एवढ्यात.

सही केली आहे. गायीचीच.

परत आले नाही तर हे पान लेकाने वाचायचं. मागची नाही. (वाचशीलच. पण निदान आत्याला वाचून दाखवू नकोस.)

घर तुझं. शिवणाचं मशीन सूनबाईला – तिला येत नाही म्हणूनच. मोठं घड्याळ आत्याला. ते पुढे पळतं, तिला आवडेल. मोत्यांचे डूल नातीला, आणि ती म्हणेल मोती व्हीगन नसतात, तर म्हणावं, आजीला माहीत होतं. ह्यांचा फळ्यावरचा लाकडी कंपास वरच्या गावात दुधाच्या दुकानातल्या बाईला. ती विचारेल, याचं काय करू? काही नको, ठेव म्हणावं. माझी लोकरीची शाल मालकीणबाईंना. त्या ती वापरणार नाहीत, कुणातरी गायीवर घालतील. घालू देत.

डॉक्टरांना आत्ता विचारलं – जाळल्यावर झडप उरते का? या वेळी हसले नाहीत. म्हणाले, बारीक तारांचा सांगाडा उरतो, गायीचं जे असतं ते राखेत जातं.

म्हणजे राख माझ्या एकटीची नसेल. दोघींची असेल. नदीत नको, वरच्या गावच्या कुरणात विखरावी.